एक फेरा कमी

मिस्त्रींनी सगळा दोष मशीनला दिला. मशीन बिचारं काय बोलणार! घराच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, ते मुकाट उभं होतं. टेबलाच्या कडा हाताळून हाताळून आरशासारख्या झालेल्या, अंगाला तेलाचा मुरलेला वास. कारखान्यातून निवृत्त होताना मिस्त्रींनी ते भंगारातून सोडवून आणलं होतं, आणि लहान मुलाला न्हाऊमाखू घालावं तसं पुसून, घासून, रंगवून उभं केलं होतं. त्यालाच आता ते म्हणत होते, "याच्या टेबल सरकवणाऱ्या स्क्रूत दम राहिला नाही. भोकं चुकायला लागली. नवं मिलिंग मशीन घ्यायचं."

"घ्या की," बायको म्हणाली.

ती जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावून माणसांची माणसांशी गाठ घालून द्यायची, तेच तिचं काम. म्हणून तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं तिला 'एक्स्चेंज' असं नाव ठेवलं होतं आणि ते घरादाराला चिकटलं होतं. हा मेहुणा म्हणजे मिस्त्रींचा साडू. त्याचं चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान, म्हणून तो चाकवाला. खुर्चीवर पाय ठेवायला जी पाटी असते, ती धरून ठेवणारे लोखंडी ब्रॅकेट मिस्त्री त्याला करून देत. काम बारकं. पण निवृत्तीनंतर सकाळी उठून अंगात कामाचा सदरा घालायला कारण हवं असतं, ते कारण या ब्रॅकेटांत होतं.

त्यातले तीन ब्रॅकेट परत आले.

चाकवाल्यानं ते आधी मिस्त्रींना दाखवले. मिस्त्रींनी चष्मा वर केला, खाली केला, मशीनला दोन शिव्या घातल्या आणि विषय संपवला. मग चाकवाला स्वयंपाकघरात आला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि हळूच म्हणाला, "ताई, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"तुमच्यावर रागवायला सवड कुठाय मला? बोला."

"स्क्रू झिजला ना, की केसभर चूक येते. कधी इकडे, कधी तिकडे. हे तिन्ही ब्रॅकेट सारखेच चुकलेत. दोन भोकांत चाळीस मिलिमीटर हवेत, आहेत पस्तीस. पाच कमी. बरोब्बर एक फेरा."

"म्हणजे?"

त्यानं ताटली हातात घेतली आणि गोल फिरवून दाखवली. "चाक एकदा फिरवलं की टेबल पाच मिलिमीटर सरकतं. चाळिसाला आठ फेरे. चाकावर आकडे आहेत, पण ते गोल. फेरा पुरा झाला की पुन्हा शून्य. घड्याळाचा काटा बारावर आला, तर दुपारचे बारा का रात्रीचे, ते घड्याळ सांगतं का? तसंच. सात फिरवले तरी शून्य, आठ फिरवले तरी शून्य. फेरे माणसानं मोजायचे असतात, ताई. मशीन नाही मोजत."

तांब्या त्यानं पालथा घातला. तो बोलत होता आणि तिच्या कानात गाणं वाजत होतं.

मिस्त्री फेरे आकड्यांनी मोजत नसत. कारखान्यात हा त्यांचा जुना वांधा. तीन म्हणावं, चार म्हणावं, तेवढ्यात कोणी विचारावं, "मिस्त्री, किती वाजले?" की आकड्यात आकडा मिसळून सगळं मुसळ केरात. म्हणून त्यांनी एक गाणं जुळवलं. आठ ओळींचं. एका फेऱ्याला एक ओळ. गाण्यात आकडा मिसळत नाही; कोणी वेळ विचारली तर सांगता येते, कोणी हाक मारली तर मान हलवता येते, आणि ओळ जिभेवर जिथल्या तिथे बसलेली राहते. कमी फेरे हवे असतील तर आधीच्या ओळीवर थांबायचं, जास्त हवे असतील तर गाणं पुन्हा धरायचं.

चाक फिरं बाई, चाकाला नाही शीण
उंबऱ्यात ऊन, जशी माहेरची बहीण
लोखंड तापलं, त्याला तेलाची घाल धार
रुसलेल्या जिवा, बोल गोड शब्द चार
किसाची ही वेल, वळे नाजूक वळणाची
वाट पाहे दार, ओळखीच्या पावलाची
थांबव गं हात, रेघ रेघेला भेटली
दिवसभराची वाट, माझ्या दारात मिटली

चाकवाला त्यावरून त्यांना छळायचा. "अहो साडूभाऊ, मिशीवाला माणूस तुम्ही, आणि 'बाई' काय, 'गं' काय!"

"चाकाला म्हणतो मी," मिस्त्री सांगत. "चाक बाईमाणूसच आहे. घर फिरवतंय, पण जागचं हलत नाही."

हे गाणं भिंतीपलीकडून तिच्या कानावर पडत आलेलं. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, सुट्टीच्या दुपारी डोळा लागता लागता. कधी मुद्दाम ऐकलं नाही आणि कधी चुकलंही नाही. आणि हल्ली त्यात एक खड्डा पडला होता. 'नाजूक वळणाची' झालं की मिस्त्री जरा घुटमळत, आणि एकदम 'थांबव गं हात' म्हणत. दाराची ओळ गायबच. तिला वाटलं होतं, बदललं असेल; स्वतःचं गाणं आहे, जोडेल नाहीतर तोडेल. आता कळलं. तिच्याकडे ओळ होती, चाकवाल्याकडे फेरा होता. दोन्ही तारा जुळल्या आणि पलीकडून जो आवाज आला तो तिला नको होता.

गळालेल्या ओळीचं तिनं चाकवाल्याला सांगितलं. "त्यांना सांगू नका," ती म्हणाली.

"मी कशाला सांगतोय? पण ताई, नवं मशीन आलं की?"

तेच तर. जुन्या मशीनवर दोष टाकता येत होता. नवं कोरं मशीन दारात आलं आणि त्यावरही भोक चुकलं, तर मिस्त्रींनी बोट दाखवायचं कोणाकडे?

*

तिघं नवं मशीन बघायला गेले, ते गोदाम गावाबाहेरच्या रस्त्याला होतं. उंच पत्र्याचं छप्पर, त्यातून पडणारे उन्हाचे कवडसे आणि खाली प्लास्टिक पांघरून रांगेनं उभी असलेली मशीनं. जणू लग्नघरी पाहुणे दाटीवाटीनं झोपलेत. गोदामवाली बाई पन्नाशीची, चष्मा केसांत खोचलेला, हाताला ग्रीस.

"काका, घरात ठेवायचंय ना? मग हे बघा." तिनं एक प्लास्टिक ओढून काढलं. "छोटं, सुटसुटीत. गोल खांबाचं."

मिस्त्रींनी खांबावर टिचकी मारली. "गोल खांब नको. याचं डोकं वर-खाली केलं की ते खांबाभोवती फिरतं. मग कुठे होतो, ते त्याला आठवत नाही. पुन्हा सगळं जुळवत बसा. विसरभोळं मशीन घेऊन मी काय करू?"

ते हसले. गोदामवाली हसली. चाकवाला बुटांकडे बघत राहिला आणि बायकोनं पदराला नसलेला डाग पुसला.

दुसरं मशीन थोरलं, गुडघ्यावर टेबल पेलून उभं राहिलेल्या पहिलवानासारखं. मिस्त्रींचे डोळे लकाकले. त्यांनी टेबलावर तळवा फिरवला, चाक धरलं, इकडे-तिकडे हलवून त्यातली ढिलाई बघितली. चांगल्या चाकाची एक भाषा असते, ती त्यांच्या मनगटाला कळत असे. तिथे काहीच हरवलं नव्हतं.

"हे आपल्या दारातून जाईल?" बायकोनं विचारलं.

"दार पाडू."

"आणि भिंत?"

"भिंतीला विचारू."

"साडूभाऊ, ताईंना बाहेर झोपवणार का तुम्ही?" चाकवाला म्हणाला. "मशीन आत, माणसं अंगणात!"

"तू गप रे. तुझ्या खुर्च्यांना चाकं असतात, म्हणून तुला वाटतं सगळं ढकलता येतं."

तिसरं मशीन मधलं. चौकोनी खांब, दारातून जाईल एवढं अंग, वजनानं भक्कम. आणि त्याच्या कुशीला एक काळा डबा, काचेआड हिरवे आकडे. टेबल जरा हललं की आकडे पळायचे.

"हा डीआरओ," गोदामवाली म्हणाली. "टेबल कुठे गेलं ते हा सांगतो. फेरे मोजायलाच नकोत."

चाकवाल्यानं पटकन ताईकडे बघितलं. मिस्त्रींनी मात्र नाक मुरडलं. "मनगट असताना डबा कशाला? हे म्हणजे जेवताना कोणीतरी शेजारी बसून घास मोजायचे. झाका त्याचं तोंड. मला मशीनचा स्क्रू बघायचाय. माझ्या जुन्याचा झिजलाय, तोच घोळ इथे नको."

गोदामवालीनं खांद्यावरचं फडकं डब्यावर टाकलं. मिस्त्रींनी बाह्या सारल्या. चाक शून्यावर आणलं. आणि हलक्या आवाजात, ओठांतल्या ओठांत, सुरू केलं.

चाक फिरं बाई...

बायको दोन पावलांवर उभी होती. एकेक ओळ ती पदराआड बोटांवर मोजत होती. वेल वळणाची झाली. मिस्त्री क्षणभर घुटमळले. थांबव गं हात, म्हणाले. मग शेवटची ओळ. चाक बरोबर शून्यावर थांबलं.

"काढा फडकं. चाळीस."

फडकं निघालं. पस्तीस.

मिस्त्रींनी भुवया चढवल्या. "स्क्रू खराब आहे तुमचा."

"काका, कालच पेटीतून काढलंय."

"मग डबा खोटा. दुसरं मशीन द्या."

त्याच जातीचं दुसरं मशीन होतं. तिनं त्याचं प्लास्टिक फाडलं, डबा झाकला. पुन्हा गाणं, पुन्हा चाक. पस्तीस.

मिस्त्री तरातरा त्या थोरल्या मशीनकडे गेले. त्याला डबा नव्हता. टेबलाला स्टीलची पट्टी लावून घेतली. या मशीनवर मिस्त्रींनी गाणं जरा मोठ्यानं म्हटलं, बहिऱ्याशी बोलावं तसं. चाक थांबलं. पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा नेली.

पस्तीस.

"काका, तीन-तीन मशीनं एकाच दिवशी..." गोदामवाली हसत बोलायला गेली आणि बायकोचा चेहरा बघून मधेच थांबली.

मिस्त्री चाकावर हात ठेवून उभे होते. एका मशीनला खोटं म्हणता येतं. दोनांना म्हणता येतं. त्यांना कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे इतरांना कळू नये म्हणून ते उगीच चाकावरची धूळ अंगठ्यानं पुसत होते.

त्यांनी चाक पुन्हा शून्यावर आणलं. यावेळी एकेक ओळ पारखून, दाण्यातला खडा शोधावा तशी. चाक. ऊन. तेल. गोड शब्द. वेल. आणि मग ओठ नुसतेच हलले. हात थांबला. पत्र्यावर एक पारवा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज तेवढा येत राहिला.

"वाट पाहे दार," बायको म्हणाली, "ओळखीच्या पावलाची."

त्यांनी वळून पाहिलं नाही. त्या ओळीवर एक फेरा दिला. मग उरलेले दोन. पट्टी बघितलीसुद्धा नाही. चाक सोडलं आणि गोदामाच्या दारातून बाहेर निघून गेले.

*

बाहेर रिकाम्या लाकडी खोक्यांची चळत होती. त्यातल्या एका खोक्यावर मिस्त्री बसले होते, हात दोन्ही गुडघ्यांच्या मधे लोंबते सोडून. बायको शेजारच्या खोक्यावर बसली. चाकवाला लांब उभा राहिला. न बोलणं त्याला जमत नसे, म्हणून अंतर ठेवून.

"मशीन नको," मिस्त्री म्हणाले.

"बरं."

"बरं काय? विचार तरी, का नको."

"का नको?"

"मला येत नाही आता." एवढं बोलून ते समोरच्या रस्त्याकडे बघत बसले. मग एकदम, "तुला कधीपासून ठाऊक?"

"ब्रॅकेट परत आले तेव्हापासून. त्याआधी गाण्यातून ओळ गेलेली ऐकत होते, पण अर्थ लागला नव्हता."

"आणि ह्याला?"

"मला फेरा कळला होता," चाकवाला लांबून म्हणाला. "गाण्याचं ताईंनी सांगितलं."

"वा! म्हणजे दोघं मिळून मला गावभर हिंडवताय. मी स्क्रूला नावं ठेवतोय, तुम्ही माना डोलावताय. विसरलो याचं काही नाही गं. वय झालं, विसरेन. पण तू ऐकत होतीस आणि गप्प बसलीस. मला वाटत होतं, निदान तू तरी खोटं बोलणार नाहीस."

तिला सुचलेली सगळी उत्तरं लंगडी होती. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तुमचं मन राखायला म्हणून. ती म्हणाली, "भ्याले मी."

"कशाला?"

"बोलले असते तर खरं झालं असतं."

मिस्त्रींनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तेवढ्यात चाकवाल्याला राहवलं नाही. तो जवळ आला. "साडूभाऊ, माझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं ना, ते आल्या आल्या काय म्हणतं माहितीय? 'शेजाऱ्यासाठी बघतोय.' प्रत्येक जण. आजवर एकही माणूस स्वतःसाठी खुर्ची बघायला आलेला नाही. सगळ्या गावात शेजारीच लंगडे!"

मिस्त्री हसणार नव्हते. पण हसू आलं. ते आलं तसं डोळ्यांतून पाणीही आलं, आणि त्यांनी दोन्ही एकाच बाहीनं पुसलं.

"तू त्यांना काय सांगतोस?"

"काही नाही. म्हणतो, शेजाऱ्याला बसून तर बघू दे."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. धूळ उडाली, बसली. बायको म्हणाली, "मशीन घ्या नाहीतर नका घेऊ. पण या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. मी बरोबर येणार. आणि तिथे स्क्रूचं नाव काढायचं नाही."

"जाऊ," मिस्त्री म्हणाले. मग तळहात उलटा-सुलटा करून बघत, "हाताला सगळं कळतंय गं. ढिलाई कळते, कटर धार धरतोय का ते कळतं. मधलं एक पान तेवढं गळतं." त्यांनी मान गोदामाकडे वळवली. "त्या डब्याला फेरे धरून ठेवता येतात."

"येतात."

"उद्या डबा एक म्हणाला आणि मी दुसरंच म्हणालो, तर मी डब्याचं ऐकायचं."

"हो."

"जड जाईल."

"जाईल."

"आणि ज्या दिवशी डबा काय म्हणतो तेच मला कळणार नाही?" हा प्रश्न त्यांनी फार हळू विचारला. "तेव्हा? मशीन चालू असेल, कटर फिरत असेल, माझा हात तिथे असेल."

हा प्रश्न चाकवाल्यासाठी नव्हता.

"तेव्हा मी सांगीन," बायको म्हणाली. "आत येऊन बटण बंद करीन आणि सांगीन, आता नाही."

"तोंडावर?"

"तोंडावर."

"मी भांडेन. शिव्या देईन."

"द्या. तरी सांगीन."

ते खूप वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. चाकातली ढिलाई शोधावी तसे. मग गुडघ्यांवर हात रेटून उठले.

आत गोदामवालीनं मशीनांवर पुन्हा प्लास्टिक घालायला घेतलं होतं. मिस्त्री तिसऱ्या मशीनपाशी जाऊन उभे राहिले, चौकोनी खांबाच्या. डब्यावर आलेलं प्लास्टिक त्यांनी स्वतःच्या हातानं बाजूला केलं.

"हे घेतो. मला याचं सगळं शिकवा. कुठून शून्य करायचं, काय दाबायचं. मला यातलं काही येत नाही."

गोदामवालीनं केसांतला चष्मा डोळ्यांवर ओढला. कोणतं बटण टेबलाच्या लांबीचं, कोणतं रुंदीचं, शून्य कसं करायचं, चुकून शून्य झालं तर मागचं कसं परत आणायचं. बाई भराभर बोलणारी, आणि बोटं त्याहून भराभर चालणारी.

कारखान्यात मिस्त्रींचा लौकिक होता की एखादी गोष्ट त्यांना दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही. साहेबसुद्धा हे नव्या माणसांना ऐकवत.

"कळलं?" तिनं विचारलं.

बायको आणि चाकवाला दोघंही जवळ सरकले.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "पुन्हा सांगा. सावकाश."

तिनं सावकाश सांगितलं. त्यांनी एकेक बटण बोटानं चाचपलं, आकडे शून्य केले, चाक थोडं फिरवलं, आकडे पळताना बघितले. तिसऱ्या बटणाशी अडले. मान वर केली. चेहऱ्यावर ओशाळलेपण आलं, राहिलं आणि निघून गेलं.

"हे एवढं," ते म्हणाले, "अजून एकदा."